तिसरा अभ्रा

सुट्टीला जायचं ठरलं की लोक आधी जागा बघतात, थंडी किती ते विचारतात, फार तर जेवणाची चौकशी करतात. या घरातले लोक आधी उशीचा अभ्रा मागवायचे.

रीत आजोबांची. हॉटेलांच्या चादरी धुण्यात यांच्या तीन पिढ्या गेलेल्या, त्यामुळे दुसऱ्याने धुतलेल्या उशीवर डोकं टेकवायचं म्हटलं की यांच्या अंगावर काटा यायचा. मग जिथे उतरायचं तिथून एक वापरातला, धुतलेला अभ्रा पोस्टाने मागवायचा, इस्त्रीखान्यातल्या लांब टेबलावर पसरायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची चिरफाड करायची. पास झाला तर जायचं. आजवर एकही पास झाला नव्हता. म्हणजे तीन पिढ्यांत हे कुटुंब धुलाईच्या कारखान्याचं फाटक सोडून कुठे गेलं नव्हतं, आणि त्याचीही यांना केवढी ऐट!

यंदा मात्र नाइलाज होता. बॉयलरच्या तपासणीसाठी ऐन हिवाळ्यात दहा दिवस कारखाना बंद ठेवायचा होता. त्यातच हृदयाच्या डॉक्टरांनी मालकांना सांगून टाकलं होतं की डोंगर चढायचा असेल तर यंदा चढा, पुढच्या वर्षी मी परवानगी देणार नाही. मालक म्हणजे धुण्याच्या मोजणीची वही सांभाळणाऱ्या ताईचे वडील. घरातसुद्धा त्यांना सगळे मालकच म्हणायचे, बायको होती तोवर तीही. आयुष्यात हौस म्हणून कधी काही न मागितलेला हा माणूस एका सकाळी एकदम म्हणाला, "मला बर्फ बघायचाय." झालं. घोडे, लाकडी खोल्या आणि शेकोट्या असलेल्या तीन रँचची माहितीपत्रकं आली, पाठोपाठ तीन अभ्रे आले, आणि रविवारी दुपारी दोन वाजता मतदान ठरलं.

ताईला बर्फाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला तीन नंबरचं रँच हवं होतं, कारण तिथे धाकटा होता.

नऊ वर्षांपूर्वी या घराने ज्याला हाकललं तो तिचा धाकटा भाऊ. एका मोठ्या हॉटेलचे दोनशे टेबलक्लॉथ ब्लीचने जळून चाळणी झाले, ते हॉटेल हातचं गेलं, आणि दादाने, म्हणजे थोरल्याने, बोट धाकट्याकडे दाखवलं. खरं तर ब्लीचचं माप दादानेच दोनदा ओतलं होतं. मोजणीच्या खोलीच्या काचेतून ताईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि संध्याकाळी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा ती गप्प बसली होती. धाकटा त्याच रात्री पिशवी घेऊन निघून गेला. त्यानंतर ना पत्र, ना फोन. मागच्या महिन्यात साबणाच्या व्यापाऱ्याने सहज सांगितलं की वरच्या डोंगरात एका रँचचं सगळं घरकाम तुमचा धाकटा बघतो, तेव्हापासून ताईच्या डोक्यात एकच चाललं होतं. मालक आणि तो एकदा समोरासमोर यायला हवेत, आणि यंदा नाही तर मग कधीच नाही.

रीतीप्रमाणे तिने कारखान्याच्या नावाने पत्र टाकलं. आठ दिवसांत पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, नुसता अभ्रा होता. पण काय अभ्रा! शिवणी सरळ, कोपरे टोकाला टोक, कुठे पिवळी छटा नाही की निळीचा डाग नाही. ताईने तो खोलीचं दार लावून घेऊन बघितला आणि तिथेच पलंगावर बसून ढसाढसा रडली. रागावलेला माणूस असं कापड पाठवत नाही, हे तिने ठरवून टाकलं. त्याने बोलावलंय. माणसाचं मन कापडावरून वाचायची या घराची खोड तिच्यातही होतीच. बाकीच्यांना ती त्यावरून हसायची, एवढंच.

दोनला दहा कमी असताना जिन्यात वहिनी भेटली. दादाची बायको. कारखान्यात कधी पाऊल न टाकणारी, पण मतदानाला मात्र लिपस्टिक लावून तयार.

"ताई, तुम्हीच नंबर घातलेत ना अभ्र्यांवर?" वहिनी हळूच म्हणाली. "काचेच्या भिंतीवालं कुठलं आहे, तेवढं सांगा ना. गरम पाण्याचा तलाव आहे हो तिथे. फोटो काय सुंदर येतील!"

"नंबर सांगायचा नसतो, वहिनी. रीत आहे."

"रीत गेली खड्ड्यात. तुमचे दादा त्या मॅनेजरच्या रँचलाच मत देणार, माहितेय ना?"

"माहितेय की. तो हॉटेलांचा मोठा मॅनेजर दर हिवाळ्यात तिथे जातो. दहा दिवस दादा त्याच्या मागे घोड्यावर बसून चादरींवर बोलेल, आणि तुम्ही त्या मॅनेजरच्या बायकोला शेकोटीपाशी हो-हो करत बसाल."

वहिनीचा चेहरा असा उतरला की ताईला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. "अगं बाई. ती? ती तर दम्यापासून दागिन्यांपर्यंत एका श्वासात बोलते."

"मग असं करा. तुमचं आवडतं पडायला लागलं तर पहिल्याला जाऊ देऊ नका. तिसऱ्याला या."

"आणि तिसऱ्यात काय आहे?"

"मॅनेजर नाही," ताई म्हणाली. वहिनीला तेवढं पुरलं. या घरात युती व्हायला याहून मोठं कारण कधी लागलंच नव्हतं.

इस्त्रीखाना रविवारचा थंडगार पडला होता. लांब टेबलावर तिन्ही अभ्रे उलगडून सपाट मांडलेले. घडीवरून कोणी ओळखू नये म्हणून उलगडायचे, ही पण रीतच. मालक टेबलाच्या टोकाला उंच स्टुलावर, गळ्यात लोकरीचा मफलर. दादा शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावून आलेला, जणू सुट्टी नव्हे, टेंडरच भरायचंय. त्याची मुलगी चिमणी खिडकीत पाय वर घेऊन बसली होती. एकोणीस वर्षांची आणि घरातली एकमेव माणूस, जिला अभ्रा म्हणजे अभ्रा दिसायचा.

"रेंज कुठे आहे, तेवढं सांगा," चिमणी म्हणाली. "मत तुमच्या हवाली."

"मोबाइल नको नि फिबाइल नको," दादा म्हणाला. "डोंगरावर माणूस ओळखी करायला जातो."

"घोड्यांशी का, बाबा?"

"गप बस. हं, पहिला घ्या."

पहिला अभ्रा हातोहात फिरला. मालकांनी तो उजेडात धरला, हुंगला, मुठीत चुरगाळून सोडला, मग कोपऱ्याला जिभेचं टोक लावलं. त्यांचा जिभेवर फार विश्वास. सोडा राहिला असेल तर जीभ सांगते, म्हणायचे.

"नीळ थोपलीय," मालक म्हणाले. "पिवळं झाकायला."

"अहो, पण वीण बघा ना काय घट्ट आहे!" दादाने तोंड वाजवलं. पहिला कुठला हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मॅनेजरकडून त्याने आधीच काढून घेतलं होतं की तिकडच्या अभ्र्यांना निळी किनार असते, आणि ही किनार बघितल्यापासून त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावत नव्हता. तीन पिढ्यांची अब्रू अशी एका किनारीवर विकली जात होती. ताईने मुकाट्याने दुसरा पुढे सरकवला.

दुसऱ्याला फुलांचा वास. वहिनीने तो गालाला लावला आणि डोळे मिटले. "हाच. किती फ्रेश!"

"दमट ठिकाणी वाळवलाय," मालक म्हणाले. "कुबट वास मारायला अत्तर टाकलंय. पुढचा."

"म्हणजे मला काही कळतच नाही, असंच ना?" वहिनी फणकारली.

"असं कोण म्हणतंय?" दादा म्हणाला. "पण कळत नाही, हे खरं."

वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं की ताईला कळलं, हे मत आता पक्कं आपलं.

तिसरा अभ्रा मालकांच्या हातात गेला तेव्हा ताईने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मालकांनी उजेडात धरला. हुंगला. चुरगाळला. जीभ मात्र लावली नाही. उलगडलेल्या कापडावर घडीची पुसट रेघ राहिली होती, तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग चष्मा काढून पुसत बसले.

"काय झालं, मालक? डाग आहे?" दादाने अभ्रा जवळजवळ हिसकावूनच घेतला, नाकाशी नेला, आणि स्वतःला विसरून ओरडला, "वा! याला म्हणतात धुणं! बघ चिमणे, बघ. ब्लीचचा वाससुद्धा नाही. याचं माप काय अचूक असेल! हा माणूस मला पाहिजे. कोण आहे तो, शोधून काढा. मी उद्या त्याला फोरमन करतो!"

ताईला हसू आवरेना. तिने खोकल्याचं सोंग केलं. ब्लीचचं माप! ज्याने आयुष्यात कधी कापड बघितलं नाही, फक्त यंत्रांचे काटे बघितले, तेही अधूनमधून, तो दादा ज्याला घालवलं त्याचीच आरती ओवाळत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"मग तुझं मत तिसऱ्याला, दादा?" तिने साळसूदपणे विचारलं.

दादा गडबडला. किनार आठवली, मॅनेजर आठवला. "तसं नाही... कापड तिसऱ्याचं, पण मत पहिल्यालाच."

"माझं तिसऱ्याला," वहिनी पटकन म्हणाली.

"अगं!"

"मला काही कळत नाही ना? मग तुमच्या वडिलांना जे कळतं त्याला देते."

"पत्रकांमागे आत्याने नंबर टाकलेत. तीन नंबरला वाय-फाय आहे," चिमणी पत्रक फडकवत म्हणाली. "माझं पण तिथेच."

"माझी दोन्ही मतं तिसऱ्याला," मालक म्हणाले. मालकांना दोन मतं होती. "आता सगळे चहाला जा. ताई, तू थांब."

बाकीचे गेले. जिन्यात दादा बायकोवर आणि बायको दादावर करवादत असलेली ऐकू येत राहिली, मग वरचं दार लागलं.

"घडी डावीकडून घातलीय," मालक म्हणाले.

ताई टेबलावरच्या बाकीच्या दोन अभ्र्यांच्या घड्या घालू लागली.

"किती मारलं त्याला त्या डाव्या हातापायी. पट्टीने मारलं. हात काही सुधारला नाही." त्यांनी अभ्रा मांडीवर ठेवला. "कुठे आहे हे?"

"वरच्या डोंगरात. तो घर सांभाळतो तिथलं." नऊ वर्षं दाबून ठेवलेलं आता आपोआप बाहेर आलं. "मालक, त्या दिवशी टेबलक्लॉथ त्याने नव्हते जाळले. दादाने माप दोनदा ओतलं. मी काचेतून बघत होते."

"माहीत आहे मला."

"काय?"

"त्याच संध्याकाळी कळलं होतं. माप दोनदा पडलं की ड्रमच्या कडेला पांढरी रेघ धरते. आणि माप ओतून फोनवर बसायचं, मग ओतलं की नाही ते विसरायचं, ही सवय कोणाची, हे मला कोणी सांगायला हवं होतं का?"

"मग त्याला का घालवलंत?"

"दादाला घालवला असता तर यंत्रं कोणी चालवली असती? धाकटा तेव्हा चोवीसचा. हात चांगला. कुठेही पोट भरेल म्हटलं." मालक हे यंत्राचा जास्तीचा पट्टा काढून ठेवल्यासारखं सांगत होते. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. जिभेने सोडा ओळखणारा हा माणूस! सगळ्या गावाचे डाग याला दिसतात!

"तुम्हाला शरम नाही वाटली?" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मालकांशी या आवाजात बोलत होती.

"वाटली. म्हणून तर बर्फाचं निमित्त सांगितलं. म्हटलं कुठे तरी बाहेर पडू, बाहेर पडल्यावर कोणी तरी त्याचं नाव काढेल. घरात तर कोणी काढत नाही." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आणि तू? तू पाहिलंस ना? मग तू का नाही बोललीस?"

उत्तर तयार होतं, नऊ वर्षं रोज घोटलेलं. "मी तेव्हा नुकतीच नवऱ्याचं घर सोडून आले होते. दादाच्या माडीवर राहत होते. दादा म्हणाला असता, चालती हो, तर..."

"हं," मालक म्हणाले. "म्हणजे तुझंही तेच. बरं. खोल्या ठरव. पण न सांगता जायचं नाही. मी येतोय हे त्याला सांग. नको म्हणाला तर नको."

ताई मोजणीच्या खोलीत आली. माहितीपत्रकावर नंबर होता. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"बोला, रँच."

आवाज भरला होता, जाड झाला होता, पण त्याचाच. "मी ताई बोलतेय."

पलीकडे कोणी तरी हसत होतं. मग दार लावल्याचा आवाज आला आणि ते हसणं थांबलं. "हं. बोल."

"अभ्रा मिळाला रे. पास झाला! पहिल्यांदाच कोणाचा तरी पास झाला. मालकांनी दोन्ही मतं दिली. आणि दादा म्हणतो, हा माणूस शोधून काढा, मी त्याला फोरमन करतो!" ती एकटीच हसली. "मला कळलं होतं, तू बोलावतोयस. इतका सुंदर धुऊन पाठवलास."

"ताई, पत्र आलं, अभ्रा मागितला होता. कपाटातला वरचा काढून पाकिटात घातला. इथे सगळेच तसे असतात."

"मी मालकांना सांगितलं," ती म्हणाली. "ब्लीचचं. कोणी ओतलं ते."

"कधी?"

"आत्ता. थोड्या वेळापूर्वी."

"बरं झालं."

"त्यांना आधीपासूनच माहीत होतं रे."

"असणारच. ड्रमची रेघ मीच नेऊन दाखवली होती त्यांना."

ताई खुर्चीवर बसली. मालकांनी हे तेवढं वगळलं होतं. "त्यांना यायचंय," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी जमणार नाही. तुला विचारल्याशिवाय येणार नाही म्हणतात. येऊ आम्ही?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "त्यांना आण. दम लागत असेल तर खालची खोली देतो, पायऱ्या नाहीत तिला. दादालाही येऊ दे. तो भित्राच आहे, लहानपणापासून. त्याच्यावर रागावून मी काय करू? वहिनी येऊ दे. चिमणी केवढी झाली असेल आता, तिला आण."

ताईचे डोळे भरून आले. "आणते, आणते. म्हणजे आम्ही पाच जण..."

"चार."

"अरे, मालक, दादा, वहिनी, चिमणी आणि मी."

"तू येऊ नकोस, ताई."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं.

"त्या संध्याकाळी मी दादाकडे बघत नव्हतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यात राग असता तर बरं वाटलं असतं. "मालकांकडेही नाही. त्यांचं काय होणार ते मला दिसत होतं. मी तुझ्याकडे बघत होतो. माप ओतलं तेव्हा तू काचेत उभी होतीस हे मला माहीत होतं. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, तू बोलशील याची मला खात्री होती. आणि तू मान खाली घालून वहीत लिहीत बसलीस. काय लिहीत होतीस गं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "नुसतं पेन फिरवत होते."

"मलाही तसंच वाटलं."

"माझी जागा नव्हती रे कुठे. मला भीती वाटली."

"ते कळतं मला. तेव्हाही कळलं होतं. पण तुला समोर बघून मला नीट वागता येणार नाही, आणि मालकांचे दहाच दिवस आहेत. ते मला वाया घालवायचे नाहीत." मग त्याने घसा साफ केला आणि कोणत्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलला. "चार माणसं, दहा दिवस. लिहून घेतो. मालकांची औषधं आणि पथ्य तेवढं कळव."

तिने मालकांची औषधं सांगितली. सकाळची दोन, रात्रीची एक, मीठ कमी. त्याने सगळं परत वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.

ती वर गेली तेव्हा चहा निवायला आला होता. सकाळपासून ती या सगळ्यांना मनात नावं ठेवत आली होती: दादाची पेनं, वहिनीची लिपस्टिक, मालकांची जीभ. आता त्या चौघांकडे बघताना तिला एकही नाव सुचेना.

"मिळाल्या खोल्या?" वहिनीने विचारलं.

"मिळाल्या. मालकांना खालची, पायऱ्या नसलेली. तुम्ही चौघं जा."

"चौघं? आत्या, तू?" चिमणी म्हणाली.

"बॉयलर तपासायला माणसं यायची आहेत. कोणी तरी थांबायला हवं."

"हो ना, ते तर आहेच," वहिनी म्हणाली, एवढ्या पटकन की श्वासही घेतला नाही. दादानेही मान हलवली. त्याच्या डोक्यात एव्हाना फोरमनला काय काय विचारायचं याची यादी सुरू झाली होती.

मालकांनी कप खाली ठेवला आणि ताईकडे बघितलं. बॉयलरची माणसं स्वतःची किल्ली घेऊन येतात, कोणालाही थांबावं लागत नाही, हे या घरात सगळ्यांत जास्त त्यांना माहीत होतं. त्यांना सगळं कळलं, फोनवर काय झालं तेसुद्धा कळलं. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. एक शब्द तरी बोलतील, तिला वाटलं.

मालकांनी कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.